पेटीमास्तरला कसं कळतं?

पत्राचा गोषवारा : लिहिणारी मुलगी मूळची सिंधुदुर्गातली. सध्या मुंबईत संगीतात एम.ए. करते, विषय कंठसंगीत. बरीच वर्षं एका गुरुजींकडे ख्याल शिकते आहे. यंदाचं वर्ष शेवटचं. दोन्ही सत्रांत मिळून १० श्रेयांकांचा (क्रेडिट्सचा) स्वतंत्र प्रकल्प करायचा आहे. त्यात एक प्रबंधिका लिहायची आणि ४५ मिनिटांचं सादरीकरण करायचं. तिचा मामा एका दशावतारी कंपनीत, म्हणजे कोकणातल्या जत्रांत रात्रभर चालणारं लोकनाट्य करणाऱ्या मंडळीत, पेटी वाजवतो. लहानपणी जत्रेत त्याच्या शेजारी बसून तिने अनेक रात्री जागवल्या आहेत, आणि दशावतारातल्या संगीतावर काम करावं असं तिच्या मनात आहे. गुरुजी म्हणतात, ‘गळा बिघडवून घेशील. सरळ एक राग घे आणि चांगलं गा.’ मार्गदर्शक प्राध्यापक म्हणतात, ‘विषय तुझा, तूच ठरव.’ वर्गातले काहीजण फ्यूजन बसवताहेत. मामाला विचारलं तर तो म्हणाला, ‘ह्येच्यात शिकण्यासारख्या काय आसा? आमी नुसते सांभाळून घेतंव.’ शेवटी तिनेच ‘दशावतारी संगीत : परंपरा, इतिहास आणि बदल’ असं शीर्षक काढलं. त्यानंतर महिना गेला, पान हललेलं नाही. प्रकल्प स्वतंत्रपणे करायचा असल्यामुळे मार्गदर्शकांना सारखं विचारायला तिला संकोच वाटतो. तिचा प्रश्न असा : ‘सुरक्षित म्हणून रागगायन करू की मनातलं करू? आणि मनातलं केलं तर ते एम.ए.च्या दर्जाचं ठरेल का?’

प्रिय मुली,

तुझ्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य मामाचं आहे. ‘आमी नुसते सांभाळून घेतंव.’ तू ते जाता जाता लिहून टाकलंस, मामाने विषय उडवून लावला अशा सुरात. मी तिथेच थांबले. तुझा प्रकल्प त्या वाक्यात आहे असं मला वाटतं.

रात्री नेमकं काय होतं ते आठव. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. चालक-मालक आख्यान सांगतो, कुणी काय करायचं ते ठरतं, आणि रात्री नट उभा राहून बोलायला लागतो. पदांचंही तेच. समजा, राजपार्टी, म्हणजे राजाची भूमिका करणारा नट तावातावाने बोलतो आहे. बोलता बोलता तो थांबतो, एक सूर धरतो, आणि तुझ्या मामाचं बोट त्या सुरावर आधीच गेलेलं असतं. पाठोपाठ स्त्रीपार्टी, म्हणजे स्त्रीची भूमिका करणारा नट येतो. राजाची पट्टी, म्हणजे पेटीवरचा ज्या स्वराला तो ‘सा’ धरतो तो, काळी दोन असेल तर याची पांढरी चार. तरी पेटी अडखळत नाही. मृदंगवाला आणि झांजवाला तेवढ्याच वेळात ठेका धरतात. तालीम झालेली नसते, समोर कागद नसतो, प्रेक्षकाला खूणही दिसत नाही. मामाला यात विशेष वाटत नाही, कारण हे तो जन्मभर करत आला आहे. तू मात्र ख्यालाच्या शिस्तीत वाढलीस. तुझ्या बैठकीत पेटीवाल्याला पट्टी आधी सांगितलेली असते, राग ठाऊक असतो, गाणं कधी सुरू होणार हेही ठाऊक असतं. त्यामुळे मामाला जे दिसत नाही ते तुला दिसू शकतं. मुंबईहून नुसता कॅमेरा घेऊन येणाऱ्या अभ्यासकाला जे कळायला वर्षं लागतील, ते तुझ्या कानात लहानपणापासून आहे.

पद कधी येणार आणि कुठल्या पट्टीत येणार, हे पेटीमास्तरला कसं कळतं? एवढाच प्रश्न घे. माझ्या मते तो दर्जेदार प्रकल्पाला पुरून उरेल.

तू काढलेल्या शीर्षकापाशी महिनाभर अडून बसलीस याचं मला नवल वाटत नाही. ‘परंपरा, इतिहास आणि बदल’ हे दहा माणसांचं दहा वर्षांचं काम आहे. परीक्षक म्हणून माझ्यासमोर अशी शीर्षकं दरवर्षी येतात आणि आतला मजकूरही ठरलेला असतो. पहिलं प्रकरण भरतमुनींपासून सुरू होतं, दुसऱ्यात जिल्ह्याची भौगोलिक माहिती, तिसऱ्यात कलाप्रकाराचा इतिहास, आणि विद्यार्थ्याने स्वतः कानाने ऐकलेलं असं काही असलंच तर शेवटच्या बारा पानांत. आधीची पानं इकडून तिकडून जमवलेली असतात. (यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपेक्षा जास्त साम्य निघालं की प्रबंधिका अडचणीत येते, तेव्हा हा मार्ग आता तसाही बंद होत चालला आहे.) मला वाईट वाटतं ते त्या शेवटच्या बारा पानांचं. मुलांकडे सांगण्यासारखं असतं, पण तिथवर पोचेपर्यंत वर्ष संपलेलं असतं.

वेळेचा हिशेब करून बघ. प्रात्यक्षिकाच्या कामाला एका श्रेयांकाचे साधारण ३० तास धरतात. म्हणजे १० श्रेयांकांचे ३०० तास. त्यात जत्रेच्या तीन रात्री, प्रत्येकी पाच-सहा तास. मग तेवढंच ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकणं. एखादं सहा मिनिटांचं पद नीट स्वरलेखन करून उतरवायचं तर पूर्ण दिवस जातो, पहिल्या खेपेला दोनही जातील. मुलाखती, वाचन, लेखन, सादरीकरणाच्या तालमी हे वेगळंच. ३०० तासांत एक कंपनी, एक हंगाम, तीन रात्री, दोन नट आणि त्यांची मोजकी पदं मावतात. यापेक्षा जास्त मावत नाही. एवढंच करायचं ठरवलंस तर प्रत्येक पद दहा वेळा ऐकायला सवड मिळेल, आणि खरं काम तिथेच होतं.

आता दर्जाची शंका. तुझ्या मनात कुठेतरी असं आहे की वर्गात शिकतो ते संगीत वरचं आणि मामा वाजवतो ते खालचं. पत्रात तू असं कुठे लिहिलेलं नाहीस, पण प्रश्न विचारण्याची पद्धत तेच सांगते. या दोन गोष्टींचं नातं तू स्वतःच शोधून बघ. ‘संगीत शाकुंतल’ १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आलं आणि संगीत नाटकाचा प्रवाह सुरू झाला. १९११ च्या ‘मानापमान’ला गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या, १९१६ च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांनी. भास्करबुवा हे घराण्यांची तालीम घेतलेले मोठे ख्यालगायक. बंदिशींच्या वळणाच्या चाली त्यांनी नाटकाला दिल्या, बालगंधर्वांनी त्या घरोघर पोचवल्या, आणि तीच नाट्यपदं पुढे कोकणातल्या देवळासमोरच्या मांडवात दशावतारी नटांच्या तोंडी आली. गुरुजींनी तुला शिकवलेला यमन आणि पहाटे तीन वाजता राजपार्टी ज्यात पद म्हणतो तो यमन हे एकाच घरातले आहेत. वाटेत त्याचं काय झालं, काय गळलं, काय वाढलं, हा तुझ्या प्रश्नाला लागूनच येणारा दुसरा प्रश्न.

डॉ. अशोक दा. रानडे यांनी आपल्याकडच्या संगीताच्या सहा कोटी मांडल्या : आदिम, लोक, धर्म, कला, जन आणि संगम. प्रबंधिकेसाठी तुला सैद्धांतिक चौकट हवी असेलच, तर ही घे. जत्रेत म्हटलेलं पद यांतल्या कुठल्या कोटीत बसतं? देवळाचा उत्सव म्हणून धर्म, चाल ख्यालातून आलेली म्हणून कला, गाणारा आणि ऐकणारा गावचाच म्हणून लोक. एका चौकोनात ते बसत नाही. ते का बसत नाही एवढंच नीट लिहिलंस तरी एक उत्तम प्रकरण होईल.

कुमार गंधर्वांचं नाव तुला कुणीतरी सुचवेलच, म्हणून आधीच सांगते. १९४८ मध्ये आजारपणात ते देवासला गेले, तिथे माळव्याची लोकगीतं कानावर पडली, आणि त्यांतून पुढे धुनउगम रागांपर्यंतचा, म्हणजे लोकधुनांतून उगवलेल्या रागांपर्यंतचा मोठा प्रवास घडला. ते वाच, ऐक, पण तसा राग बांधायचा मोह यंदा धरू नकोस. ऐकण्यात त्यांची वर्षं गेली होती. तुझ्या हातात फक्त एक हंगाम आहे.

गुरुजींचं म्हणणं मात्र झटकून टाकू नकोस. त्यांची काळजी खरी आहे. उघड्या मांडवात गर्दीपर्यंत पोचायला लावलेला आवाज आणि ख्यालासाठी तू घडवत आणलेला आवाज यांची ठेवण वेगळी असते. त्यात जागरण, थंडी, धूळ. पण तुझ्या प्रकल्पात तुला त्या आवाजात महिनोन्‌महिने गायचंच नाही, तुला ऐकायचं आहे, हे त्यांना कुणी सांगितलंय का? मला वाटतं, तू ‘दशावतारावर करते’ एवढंच म्हणालीस आणि त्यांच्या डोळ्यांसमोर तू मांडवात उभी राहून पदं म्हणते आहेस असं चित्र आलं. त्यांच्याकडे एक ध्वनिमुद्रण घेऊन जा. भास्करबुवांच्या चालीचं एखादं पद निवड, जे तुझा मामाही वाजवतो. शेजारी बसून ऐकव आणि विचार, ‘गुरुजी, यात रागाचं काय राहिलंय आणि काय बदललंय?’ परवानगी मागायला आलेल्या शिष्येला नाही म्हणणं सोपं असतं, सूर विचारायला आलेल्या शिष्येला तसं कुणी म्हणत नाही. हंगामात रियाझाचा नेम मोडणार नाही असा शब्दही त्यांना दे. फक्त जागरणाच्या दुसऱ्या दिवशी गाऊ नकोस, झोप.

रागगायनाचा पर्याय मी बाजूला सारत नाही. तुला पुढे मैफलीच करायच्या असतील आणि शेवटचं वर्ष गळ्यावर घालवायचं असेल, तर एक राग घेऊन त्यात खोल जाणं हा चांगला निर्णय आहे. मग तिथेही प्रश्न हवा. ‘राग मारवा : एक अभ्यास’ असं चालणार नाही. मारव्यात पंचम नाही आणि गाताना षड्जही टाळतात, तर दोन घराण्यांचे गायक विलंबित ख्यालात षड्जावर परततात कधी आणि कसे, असं काहीतरी. पण तो पर्याय ‘सुरक्षित’ म्हणून निवडणार असशील तर थांब. परीक्षकांनी रागगायन आयुष्यभर ऐकलेलं असतं. तुझी तुलना त्या सगळ्याशी होणार. सुरक्षित म्हणतेस ती वाट तितकीशी सोपी नाही.

फ्यूजनबद्दल एवढंच सांगते की ज्याला दोन्ही बाजू येतात त्याने जरूर करावं. वर्गातले करताहेत म्हणून तू करू नकोस.

आता मार्गदर्शकांना विचारण्याचा संकोच. प्रकल्प स्वतंत्र आहे याचा अर्थ निर्णय तू घ्यायचे आणि त्यांची जबाबदारी तुझी. कुणाला काही न विचारता एकटीने गप्प बसायचं असा त्याचा अर्थ तू लावून घेतलास, म्हणून महिना गेला. ‘तूच ठरव’ म्हणणारे प्राध्यापक बहुतेक वेळा वाट बघत असतात की मूल काहीतरी घेऊन येईल. रिकाम्या हाताने गेलीस तर ते काय सांगणार? दर पंधरा दिवसांनी एक पान घेऊन जा. त्यावर तीन गोष्टी : काय ऐकलं, काय कळलं, कुठे अडलं. भेट झाली की काय ठरलं ते त्याच दिवशी दोन ओळींत त्यांना मेलने कळव. हे औपचारिक वाटेल, पण चौथ्या सत्रात ‘हे तर मी सांगितलंच नव्हतं’ अशी वेळ येते तेव्हा त्या दोन ओळी कामी येतात.

आता प्रत्यक्ष काम. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण अशा प्रकल्पांची वाट लागते ती इथेच.

आत्ता श्रावण आहे. जत्रा सुरू होणार दिवाळीनंतर, तुळशीच्या लग्नाच्या आसपास. मधला काळ वाया जातोय असं समजू नकोस, तो तयारीचा. गणपतीला तू गावी जाशीलच. मामाही घरी असेल. भजनांच्या गडबडीतून एक दुपार त्याच्याकडून मागून घे. त्याला ‘तुम्हाला कसं कळतं?’ असं सरळ विचारू नकोस. ‘कळतं आपोआप’ एवढंच उत्तर मिळेल, आणि ते खोटंही नसेल. त्याऐवजी कंपनीच्या एखाद्या प्रयोगाचं जुनं मुद्रण घे, कुणाच्या फोनवर असेल ते. पद सुरू होण्याच्या पाच-सहा सेकंद आधी थांबव आणि विचार, ‘मामा, आता काय होणार?’ तो सांगेल. मग विचार, ‘कशावरून?’ हे वीस जागी कर. संगीताच्या अभ्यासात ही पद्धत चांगली रुळलेली आहे : वाजवणाऱ्यालाच त्याचं वाजवणं ऐकवायचं आणि नेमक्या जागी बोलतं करायचं. माझा अंदाज असा की तीन-चार प्रकारची उत्तरं येतील. ‘ह्या वाक्यानंतर तो नेहमी गाता.’ ‘तेचो आवाज चढलो.’ ‘तेना माझ्याकडे बघल्यान.’ यांतला प्रत्येक अंदाज तुला जत्रेत तपासता येईल.

‘आवाज चढलो’ हे तर मोजताही येतं. गाण्याआधीच्या शेवटच्या वाक्यात नटाचं बोलणं हळूहळू पदाच्या षड्जाकडे सरकतं का? सॉनिक व्हिज्युअलायझर किंवा प्रात ही फुकट मिळणारी सॉफ्टवेअर आवाजाचा आलेख काढून दाखवतात. बोलण्याचा आलेख आणि पेटीचा पहिला स्वर शेजारी ठेवून बघ. सरकत असेल तर तुझ्या हाती एक सुंदर पुरावा आला. सरकत नसेल तर तोही निष्कर्षच आहे, तो लपवू नकोस. शिवाय नट नवा असेल त्या रात्री मामाला किती वेळ लागतो आणि ज्याच्यासोबत तो वर्षानुवर्षं वाजवतो आहे त्या नटाला किती, हा फरक टिपून ठेव. तो फरक मिळाला तर सांभाळून घेण्यात ओळखीचा वाटा किती आणि कौशल्याचा किती, यावर तुला पुराव्यानिशी लिहिता येईल.

ध्वनिमुद्रणासाठी एक बरा रेकॉर्डर हवा. विभागाकडे असतो, मागितला की मिळतो. डब्ल्यूएव्ही फाइल, २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झ ठेव. या मापाने स्टीरिओचा एक तास साधारण १ जीबी होतो, म्हणजे एका रात्रीचे पाच-सहा जीबी. डब्ल्यूएव्ही फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही, बहुतेक रेकॉर्डर आपोआप दुसरी सुरू करतात. पण तुझा रेकॉर्डर तसं करतो का, हे आधी घरी रात्रभर चालवून बघ. जत्रेत पहाटे कळून उपयोग नाही. रेकॉर्डर ध्वनिक्षेपकाच्या समोर ठेवू नकोस, तिथे सगळं एकात एक मिसळून येतं. पेटीच्या जवळ ठेव, म्हणजे भात्याचा आवाज, पट्टी बदलताना चाचपलेला स्वर, मामाचं पुटपुटणं हे सगळं मिळेल. तुझं खरं साहित्य तेच. वाऱ्यासाठी माइकला फोमची टोपी घाल. दुसरा फोन लांबून, नट आणि पेटी दोघं दिसतील असा लावून ठेव, नजरानजर कधी होते ते त्यात कळेल. प्रत्येक मुद्रणाच्या सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, गाव, कंपनी आणि आख्यान सांग. आणि झोपण्याआधी दोन प्रती कर.

तू मुलगी आहेस आणि कंपनीत सगळे पुरुष, हेही बोलायला हवं. नट जिथे रंगरंगोटी करतात, कपडे बदलतात तिथे घुसू नकोस. मामासोबत जा, येण्याजाण्याची सोय आधी लाव, घरचं किंवा वर्गातलं कुणी बरोबर असू दे. पेटीशेजारची जागा तुझी. तुझ्या प्रश्नाला तीच लागते, त्यामुळे यात तुझं काही कमी होत नाही.

परवानगी चालक-मालकांची वेगळी आणि नटांची वेगळी घे. एका साध्या मराठी कागदावर, काय मुद्रित करणार, कुणाला ऐकवणार, कुठे टाकणार नाही, हे लिहून. कॉपीराइट कायद्याप्रमाणे सादरीकरणावर कलाकाराचा स्वतःचा हक्क असतो आणि तो ५० वर्षं टिकतो. तेव्हा उत्साहाच्या भरात यूट्यूबवर काही चढवू नकोस. मुलाखतीला बोलावलंस तर त्यांचा रोजगार बुडणार नाही अशी वेळ ठरव, आणि मानधनाची तजवीज विभागाकडून होते का ते आधीच विचार. प्रबंधिकेत मामाचं नाव ऋणनिर्देशात एका ओळीत टाकून मोकळी होऊ नकोस. त्याने सांगितलेली गोष्ट जिथे येते तिथे, त्याच्या शब्दांत, त्याच्या नावानिशी यायला हवी. पुस्तकातून घेतलेल्या वाक्याला आपण जसा लेखकाचा हवाला देतो, तोच मान त्याच्या बोलण्याला.

स्वरलेखन भातखंडे पद्धतीने कर, तुझा हात तीत बसलेला आहे. पण जिथे पद तालातून सुटतं आणि नट मोकळा आलाप घेतो, तिथे मात्रांच्या चौकटी जबरदस्तीने आखू नकोस. स्वर लिही आणि वर मिनिट-सेकंद टाक. मूळ नाट्यपदाशी तुलना करताना एक ध्यानात ठेव. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावत. म्हणून मूळ पद तेवढंच होतं आणि दशावताराने ते ‘ताणलं’ असा निष्कर्ष काढशील तर चुकशील. नाट्यगृहात ते ‘वन्समोअर’सकट किती चालत असे, हे तबकडी सांगत नाही. प्रकाशित ध्वनिमुद्रणावरचा हक्क ६० वर्षांनी संपतो, त्यामुळे त्या जुन्या तबकड्या सादरीकरणात ऐकवायला हरकत नाही. जुनं ऐकायला मुंबईतच एनसीपीए या कलाकेंद्राचा संग्रह आहे. दिल्लीला संगीत नाटक अकादमी आहे आणि गुरुग्रामला एआरसीई हा १९८२ साली स्थापन झालेला, संगीताच्या ध्वनिमुद्रणांचा संशोधन-संग्रह आहे. जायच्या आधी नेमकं काय हवंय ते लिहून विचारणा कर.

सादरीकरणात दशावताराचा प्रयोग करायचा घाट घालू नकोस. रात्रभराचा खेळ ४५ मिनिटांच्या वातानुकूलित सभागृहात मरतो. तू व्याख्यान-प्रात्यक्षिक कर. मामाला पेटीवर बसव. एक राजपार्टी नट बोलाव, मृदंग आणि झांज असू दे. आधी नटाला परीक्षकांनी सुचवलेल्या प्रसंगावर आयत्या वेळी बोलू दे आणि पद घेऊ दे. सगळ्यांनी बघावं की पेटी कुठे येते. मग तू तोच क्षण उकलून दाखव, आलेखासह. त्यानंतर तेच पद तू तुझ्या तालमीप्रमाणे गा, मामाच्याच साथीला. तेव्हा त्याला तुझी पट्टी आधी सांगू नकोस.

हे पत्र वाचणाऱ्या इतर विद्यार्थ्यांसाठी : तुमचा विषय तबला असो, कथक असो वा नाट्य, आधी बघा की तुमच्याजवळ असं काय आहे ज्याच्याशी तुमचा रोजचा संबंध आहे आणि तरी ते कसं घडतं हे तुम्हाला सांगता येत नाही. तबल्यातला एकच कायदा (बोलांची ठरलेली रचना) दोन गुरुबंधू वेगळ्या निकासाने (बोल काढण्याच्या पद्धतीने) का वाजवतात? तोच प्रवेश लहान सभागृहात आणि मोठ्यात खेळताना नटाचे थांबे कुठे बदलतात? असा प्रश्न एका वाक्यात लिहिता आला, आणि उत्तर शोधायला कुठे जाऊन काय ऐकायचं किंवा बघायचं हेही सांगता आलं, की पुढे जा. दुसरं सांगता येत नसेल तर प्रश्न अजून मोठा आहे, आणखी लहान करा. ज्यांच्या घरात कुणी मामा नाही त्यांनीही धीर सोडू नये. ज्या कलाकाराला तुम्ही सलग चार वेळा भेटू शकता तो तुमच्या कामाचा. नावाजलेला पण वर्षात एकदा भेटणारा नाही.

आणि तू, या आठवड्यात मार्गदर्शकांना एक पान नेऊन दे. त्यावर एक प्रश्न, कंपनीचं नाव, जत्रेच्या तीन संभाव्य रात्री, लागणारी साधनं आणि परवानगीच्या कागदाचा मसुदा. जुनं शीर्षक कुठेच नको. ते ‘हो’ म्हणाले की मामाला फोन कर, आणि गणपतीतली कुठली दुपार त्याला मोकळी आहे ते आजच ठरवून टाक. भजनाची बोलावणी सुरू झाली की तो हाती लागायचा नाही.